आत्तीच्या टिकल्या

सांगली,
५ जानेवारी २०२५

ती. सौ. गुणमाला आत्तीस,
कीर्तीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आकारामच्या टेंपोतून काल पोचलं. तुझ्या कानातलं नवं यंत्र फोन जवळ नेला की शिट्टी मारतं आणि आतोबा कुकर झाला समजून गॅस बंद करायला धावतात, हे वाचून आई आणि मी पोट धरून हसलो. तेव्हा फोन राहू दे, पत्रच बरं. आकारामच्या रहिमतपूर ते सांगली मार्केट यार्ड खेपा चालूच असतात आणि पोस्टापेक्षा तो लवकर पोचवतो. पत्राला हळदीचा वास येतो, तेवढा सोसायचा.

आता बातमी ऐक. येत्या गुरुवारपासून माझ्या चित्रांचं प्रदर्शन आहे. विश्रामबागेत नवं कलादालन झालंय तिथं, १९ तारखेच्या रविवारपर्यंत. अर्धी चित्रं छापाची आहेत, म्हणजे लाकडावर कोरायचं, शाई फासायची आणि कागद ठेवून यंत्रात दाबायचं. उरलेली कोलाजं, म्हणजे कागद, गोणपाट, जुन्या साड्यांचे काठ असं काय काय कापून चिकटवलेलं. गोमटेशदादाला हे अजून पटत नाही. त्याचं म्हणणं, छापायचंच असेल तर त्याच्या दुकानात फ्लेक्सचं मशीन आहे, एका लाकडावर आठवडाभर कोरत बसायची गरज काय. वर तो म्हणतो की त्याचे फ्लेक्स पावसातही टिकतात.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. आण्णांनी अट घातलीय. मिरजेची खोली, जिथं माझं छापायचं यंत्र आहे, ती आता पुरे झाली म्हणतात. प्रदर्शनात घरचा नाही, नात्यातला नाही, ओळखीचा नाही अशा एका तरी माणसानं एक तरी चित्र विकत घेतलं, तर खोली राहील. नाहीतर संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून खोलीला कुलूप आणि मी दादाच्या फ्लेक्सच्या दुकानात. तिथं काम काय, तर वाढदिवसवाल्यांचे फोटो उजळ करायचे आणि ज्यांनी गॉगल घातला नाही त्यांना गॉगल घालायचा. दादानं माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवलीय, चाकांची.

मी हे हसत हसत लिहितेय, पण आत्ती, मला खरंच भीती वाटते. खोली गेली तर मी काय करू ते मला कळत नाही. तू ये आणि बघून जा. विकत मात्र काही घेऊ नकोस, तुझं घेणं आण्णा धरणार नाहीत.

आतोबांना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, मापात काटा मारू नकोस.

तुझी,
कीर्ती


।। श्री ।।

रहिमतपूर,
१३ जानेवारी २०२५

चि. कीर्तीस,
गुणमाला आत्तीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आज भोगी. तीळ लावून भाकरी थापल्या, भाजी चुलीवरून उतरवली आणि आधी तुलाच लिहायला बसले. काल आम्ही तुझं प्रदर्शन बघून आलो. आम्ही म्हणजे मी आणि शेजारची हरणाबाई. तुझ्या आतोबांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं, पण खरं म्हणजे टीव्हीवर क्रिकेट होतं. हरणाबाईच्या माहेरची माणसं माणदेशातली, मेंढरामागं फिरलेली. तिला एका जागी बसवत नाही, त्यामुळे कुठं जायचं म्हटलं की ती चपला घालूनच तयार असते. पॅसेंजरनं आलो.

दारातच गोमटेशनं लावलेला फ्लेक्स बघितला. तुझ्या डोक्यामागून सोनेरी किरणं निघालीत आणि खाली शुभेच्छुकांत माझा फोटो आहे, त्याच्या लग्नातला, तोंडात अर्धा लाडू असलेला. चांगला फोटो मागितला असता तर मी दिला नसता का? हरणाबाईला वाटलं हेच प्रदर्शन. ती दोन्ही बाजूंनी बघून झालं म्हणून परत स्टेशनाकडं निघाली होती, तिला हाताला धरून आत नेलं.

तू नव्हतीस. तिथले देखरेख करणारे अमृत म्हणून गृहस्थ आहेत, ते म्हणाले एका चित्राची काच तडकली म्हणून तू मिरजेला गेलीस. असो. आम्ही सगळं नीट पाहिलं. विहिरीचा छाप मला फार आवडला, त्यात वाकून बघावंसं वाटतं. बकरी तर हरणाबाईला इतकी पसंत पडली की ती अमृतना विचारत होती, व्हय ओ, ही दूध किती देती? ठिगळाठिगळांचं एक मोठं कोलाज होतं त्यापुढं मात्र ती म्हणाली, आवं वैनी, आमच्या अर्जुनाच्या पँटीला बी अशीच ठिगळं हायती, ती कवा कुणी भितीला लावली न्हाईत. तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस.

आणि तो धनू! पोत्यांवर पाय सोडून झोपलेला तुझा बाप. मिशा सुतळीच्या, पोट गोणपाटाचं आणि त्या पोटावर त्याच्या अडत दुकानाचा मार्का छापलेला. खाली नाव वाचलं, 'दुपारचा बाजार'. अगं, शाळेतून आला की दप्तरासकट असाच पडायचा तो. मी तिथंच उभी राहून हसले आणि मग डोळे पुसले.

साडेपाच वाजले. दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून तिथंच बकरीच्या समोर पदर खोचून डबा सोडला. अमृत म्हणाले इथं खायला बंदी आहे. मी त्यांना शेंगापोळी दिली. मग ते दुसरीही खाऊन खुर्चीत पेंगायला लागले.

जेवता जेवता माझ्या एक लक्षात आलं. तीन चित्रांना खालच्या चिठ्ठीवर लाल टिकली होती आणि बाकीची सगळी बोडकी. मी ओळखलं, नव्या चित्रांना कुंकू लावायला घेतलंस, तीन झाली आणि कुणीतरी हाक मारली असणार. हे बाई तू बरं केलंस, नव्या वस्तूला कुंकू लावल्याशिवाय चार माणसांत काढू नये. पण अर्धवट टाकू नये. संक्रांतीच्या वाणाला म्हणून मी मारुती रोडवर टिकल्यांची पाकिटं घेतलीच होती. हरणाबाई आणि मी मिळून राहिलेल्या सगळ्या चित्रांना लावून टाकल्या. चिठ्ठीवर तर लावल्याच, शिवाय जिथं कपाळ सापडलं तिथं काचेवर कपाळालाही लावल्या. बकरीला मोराची, खड्याची लावली. धनूला पुरुष माणूस म्हणून कपाळाला नाही लावली, फक्त चिठ्ठीवर. आता कसं सगळं भरल्यासारखं दिसतं.

आभार मानू नकोस, घरचंच आहे. तीळगूळ आकारामबरोबर पाठवते. गोड बोलत जा, बापाशीसुद्धा.

तुझी,
आत्ती


सांगली,
१५ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्तीस,
शि. सा. न. वि. वि.

उभी असशील तर आधी खाली बस, मग वाच. आत्ती, ते कुंकू नव्हतं! प्रदर्शनात एखादं चित्र विकलं गेलं की त्याच्या चिठ्ठीवर लाल टिकली लावतात. बाकीच्यांनी ते मागू नये म्हणून. सगळ्या जगात अशीच रीत आहे. आणि तू माझं अख्खं प्रदर्शन विकून टाकलंस.

सोमवारी काय झालं ते सांगते. आण्णा यार्डातल्या चार अडत्यांना घेऊन माझ्याआधीच तिथं पोचले होते. लोकांनी बोलू नये म्हणून एकदा तोंड दाखवायचं, एवढाच त्यांचा विचार होता. अमृतकाका स्वतःच चक्रावलेले, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की लाल टिकली म्हणजे विकलं, आणि काल एका दिवसात सगळं विकलं गेलं. मी पोचले तेव्हा आण्णांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. मलाही खरं वाटलं, आत्ती. मी आनंदानं रडले. मग रडता रडता बकरीकडं लक्ष गेलं आणि तिच्या कपाळावर मोर दिसला.

मी तोंड उघडणार एवढ्यात आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या चौघांना सांगितलं की ही आमची कीर्ती, चित्रकार आहे. आजवर मी 'धाकटी, सध्या घरीच असते' होते. मग ते दुकानात गेले आणि सगळ्या यार्डात पेढे वाटले. घरी येऊन दादाला खुर्ची परत करायला सांगितली.

तेव्हापासून मी गप्प आहे. रोज लोक येतात, टिकल्या बघतात आणि आपण उशीर केला म्हणत निघून जातात. मिरजेच्या एक डॉक्टरीणबाई विहिरीच्या छापापुढं कितीतरी वेळ उभ्या होत्या. मी दुसऱ्या पाहुण्यांशी बोलून वळते तोवर त्या टिकली बघून गेल्या. मी रस्त्यापर्यंत धावले, तर रिक्षा सुटलेली. त्या बाहेरच्या होत्या, आत्ती. अटीत बसणाऱ्या. आणि आधीची खरी तीन विचारशील तर एक मामानं घेतलंय, एक माझ्या मैत्रिणीनं, साक्षीनं, आणि एक गोमटेशदादानं, तेही दुकानातल्या भिंतीची ओल झाकायला. तिन्ही धरायची नाहीत.

खरं सांगावं तर आण्णा बाजारात खोटे पडतात, न सांगावं तर मी त्यांच्याशी खोटी वागते. तुझं उत्तर आलं की सगळ्या टिकल्या काढून टाकते आणि मग धीर करून त्यांना सांगते. तुझ्यावर रागावलेय, पण पूर्ण रागावता येत नाही. बकरी त्या मोरात दिसते मात्र छान.

तीळगूळ मिळाला. लोभ असू दे, फक्त तो काचेला चिकटवू नकोस.

तुझी,
कीर्ती


।। श्री ।।

रहिमतपूर,
१६ जानेवारी २०२५

चि. कीर्तीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं पोह्यांचं ताट खाली ठेवलं. मला मेलीला काय माहीत! विकलेल्या वस्तूला कुंकू लावायचं ही कुठली रीत? आमच्यात विकलेल्या म्हशीचं दावं सोडून घेतात. मला फार वाईट वाटतंय. तुला ठाऊक आहे, मी असं सहसा लिहीत नाही.

पण एक गोष्ट निक्षून सांगते, टिकल्या काढायच्या नाहीत. एकदा लावलेलं कुंकू, तेही संक्रांतीच्या तोंडावर, पुसायचं नसतं. काय वाट्टेल ते कर, पण पुसू नकोस. काल संध्याकाळपासून मी, हरणाबाई आणि तुझे आतोबा याच्यावर डोकं चालवतोय. आतोबांचं मत असं की प्रत्येक चित्राशेजारी एकेक माणूस उभा करावा, त्यानं 'अजून आहे, अजून आहे' म्हणत राहावं. त्यांना मी परत टीव्हीसमोर बसवलं. हरणाबाई म्हणाली, त्यात काय लय अवघड न्हाई वैनी, मेंढरं इकताना आमी न्हाई का करत, एक रंग इकलेल्याला आन एक रंग ठेवलेल्याला. मला ते पटलं. आकारामबरोबर हिरव्या टिकल्यांची पाकिटं पाठवलीत. लाल आहे तशी राहू दे आणि जी विकली नाहीत त्यांच्या लालवर हिरवी चिकटव. दारात पाटी लाव, हिरवी म्हणजे मिळेल. पुसल्यासारखं होत नाही आणि गिऱ्हाइकालाही कळतं.

दुसरं असं की धनूला मी आज वेगळं पत्र लिहिलंय आणि सगळं सांगून टाकलंय. तू त्याच्यापुढं उभी राहून थरथरू नकोस. चूक माझी, तर बोलणीही माझी. तो लहानपणी माझ्यापुढं कधी जिंकला नाही, आता काय जिंकणार.

डॉक्टरीणबाईंचं ऐकून मात्र जीव चुटपुटला. जेव, झोप, वाळू नकोस. आशीर्वाद नेहमीचेच, जरा जास्तच.

तुझी,
चुकलेली आत्ती


सांगली,
२० जानेवारी २०२५

ती. सौ. गुणमाला अक्काच्या चरणी,
धन्यकुमारचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पेढे लोकांनी खाल्ले होते, ते काही परत मागता येत नाहीत. शनिवारी सौद्याच्या वेळी सगळे जमले होते, तिथंच उभं राहून सांगितलं की चित्रं विकलेली नाहीत, माझ्या बहिणीनं त्यांना कुंकू लावलंय. अक्का, माणसं इतकी हसली की हळदीचा सौदा थांबला. हमालसुद्धा पोती टाकून बसले. आता मला यार्डात 'काय शेठ, आज कुणाला कुंकू?' म्हणून विचारतात. बाजारात धन्यकुमारचा शब्द एकच असतो, तो तुझ्यामुळे पहिल्यांदा बदलावा लागला.

कीर्तीला मी रागावलो नाही. एवढंच विचारलं की इतके दिवस गप्प का राहिलीस. ती म्हणाली, तुम्ही खुश दिसत होता.

काल शेवटचा दिवस, म्हणून मी स्वतः तिथं जाऊन बसलो. तुझ्या हिरव्या टिकल्या लावल्या होत्या. लोक पाटी वाचायचे, हसायचे आणि चहा पिऊन जायचे. दुपारपर्यंत एकही सौदा नाही. मग शिरवळहून रूपनवर म्हणून एक गृहस्थ आले. तिथं कुठल्याशा कारखान्यात नोकरीला आहेत, सासुरवाडीला सांगलीत आले होते. ना नात्यातले, ना ओळखीचे. ते सगळं फिरले आणि माझ्यासमोर येऊन थांबले. माझ्यासमोर म्हणजे त्या झोपलेल्या चित्रासमोर. बराच वेळ बघितलं आणि कीर्तीला म्हणाले की मला हे हवंय.

तिचा चेहरा तू बघायला हवा होता. ती हो म्हणणार, तेवढ्यात मीच म्हणालो की हे विकायचं नाही.

का म्हणून विचारलं त्यांनी. सुचलं ते बोललो, की चित्रातला माणूस अजून जिवंत आहे. तुम्ही याला भिंतीवर लावणार, मग कुणीतरी हार घालणार. ते माझ्याकडं बघत राहिले, मग चित्राकडं बघितलं. मिशा जुळल्या असाव्यात. हसले, आपलं कार्ड ठेवलं आणि गेले.

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचा माल विकत आलोय, अक्का. गिऱ्हाईक कधी परत पाठवलं नाही. पण ते चित्र काढून कागदात गुंडाळून शिरवळला जाणार, या विचारानंच मला कसंतरी झालं. आधी बघितलं तेव्हा राग आला होता, मी काय एवढा सुटलोय का म्हणून. मग काल दिवसभर त्याच्यासमोर बसलो. मी झोपलेला असताना ही पोरगी किती वेळा माझ्याकडं बघत बसली असेल, हेच डोक्यात येत राहिलं. मला ते चित्र आवडलं. फार आवडलं. हे तुला लिहिता येतं, तिच्यापुढं तोंड उघडत नाही.

तिनं संध्याकाळी चित्रं उतरवली आणि आज सकाळी, मी आंघोळीहून यायच्या आत, आपणहून गोमटेशच्या दुकानात जाऊन बसली. अट म्हणजे अट म्हणाली म्हणे. मिरजेच्या खोलीची किल्ली माझ्या चष्म्याशेजारी ठेवून गेलीय. गोमटेशचा फोन आला की तिनं दुपारपर्यंत सहा जणांना गॉगल घातले आणि काम फार सफाईचं आहे. मला जेवण गेलं नाही.

तूच तिला काहीतरी लिही. तुझं ती ऐकते.

मेहुण्यांना जय जिनेंद्र. कृपा असावी, सल्ला लवकर असावा.

तुझा,
धनू


।। श्री ।।

रहिमतपूर,
२२ जानेवारी २०२५

चि. धनूस,
आशीर्वाद. वि. वि.

मी तिला काही लिहिणार नाही. मी टिकल्या लावून गिऱ्हाइकं घालवली ती न कळून. तू कळत असताना घालवलंस, आणि ते एकुलतं एक होतं. पोरीनं बापाचं चित्र काढलं, ते बापाला आवडलं, आणि त्याची शिक्षा म्हणून पोरगी गॉगल घालत बसलीय. हा कुठल्या बाजारातला न्याय?

जे मला लिहिलंस तेच तिला तोंडानं सांग. शब्द जड वाटत असतील तर कमी सांग, पण तूच सांग. आणि त्या शिरवळकरांचं कार्ड तुझ्याकडं आहे ना? सौदा तू मोडलास, तूच जुळव. अडत्या ना तू?

हरणाबाई शेजारीच बसलीय. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, लिवा त्यास्नी, आवं धनूदादा, झोपल्यालं चित्र ऱ्हाऊ द्या, तुमी जागं व्हा. मी आपलं जसंच्या तसं लिहिलं.

बाकी राग नाही, तो पत्र बंद करताना संपला.

तुझी,
अक्का


सांगली,
४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आत्तीस,
कीर्तीचा शि. सा. न. वि. वि.

आधी थोडं भांडते. तू आण्णांना काय लिहिलंस ते ते दाखवत नाहीत. आई म्हणते, पत्र वाचून त्यांनी दोनदा चष्मा पुसला आणि न जेवता बाहेर पडले.

मी दादाच्या दुकानात होते. समोर काही मंडळी वाढदिवसाचा फ्लेक्स करायला बसली होती, त्यांना उत्सवमूर्तीच्या मागं वाघ हवा होता. मी वाघ शोधत होते, एवढ्यात आण्णा आत आले. यार्ड सोडून ते दुपारी कधी कुठं जात नाहीत, त्यामुळे मला वाटलं घरी कुणाचं काही बरंवाईट झालं. ते सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, भाव पुकारायच्या आवाजात म्हणाले की ते चित्र मी दुकानात वजनकाट्याच्या वर लावलंय, ते मला आवडतं म्हणून मी विकू दिलं नाही, आणि त्यात तुझं नुकसान झालं ते चुकलं. वाघवाल्यांपैकी एकानं उठून त्यांना खुर्ची दिली, ती नेमकी दादानं परत न केलेली चाकांचीच होती. आण्णा बसले ते मागं सरकत भिंतीपर्यंत गेले. मी हसत होते आणि रडतही होते, वाघ तसाच राहिला.

शिरवळच्या रूपनवरांना त्यांनी आधीच फोन केला होता. हे चित्र देता येत नाही, पण माझी मुलगी दुसरं करेल, माणूस तोच, झोप नवी, असा सौदा त्यांनी फोनवरच जुळवला. रूपनवर लगेच हो म्हणाले. त्यांचे वडीलही मेंढरं सावलीला बसवून घोंगडीवर असेच निवांत झोपायचे, तसं बिनघोर झोपलेलं माणूस त्यांना घरात हवंय. मात्र चित्राला हार घालणार नाही, हे आण्णांनी त्यांच्याकडून तीन वेळा कबूल करून घेतलं. दादानं आठवण करून दिली की प्रदर्शन संपून गेलंय, हे गिऱ्हाईक अटीत बसत नाही. आण्णा म्हणाले, बाजारात माल यायला मागंपुढं होतं. आणि खिशातून किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली.

तर आता रोज जेवण झालं की आण्णा मिरजेला खोलीवर येतात. आजवर त्यांनी ती जिन्यावरूनही पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी इस्त्रीचं धोतर, नवी टोपी घालून आले आणि पोत्यावर असे ताठ बसले की जणू पासपोर्टचा फोटो काढायचाय. दुसऱ्या दिवशी आडवे झाले, पण एक डोळा उघडा ठेवून मी काय कापतेय ते बघत होते. कुणी बघत असलं की झोप येत नाही म्हणाले. मग उठून माझं यंत्र कसं चालतं ते विचारलं, स्वतःच हात घालून फिरवलं, शाईनं सदरा काळा केला आणि आईची बोलणी खाल्ली. तरी परवा परत आले.

काल मी त्यांच्याकडं बघणं सोडून दिलं आणि पाठ करून कागद कापत बसले. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत होता. आण्णांनी टोपी काढून पोटावर ठेवली. घोरायला लागलो तर उठव, असं मला बजावलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

थोड्या वेळानं घोरायला लागले. मी उठवलं नाही.

आतोबांना आणि हरणाबाईंना नमस्कार. पत्राला शाई लागलीय ती आण्णांच्या बोटांची. लोभ वाढतोय, तो वाढू द्यावा.

तुझी,
कीर्ती